कापलेली प्लीहा पुन्हा का वाढते?

वाढलेली प्लीहा डाव्या बरगडीखाली हाताला लागते. आपल्या घरांतील जुन्या स्त्रिया तिला पाणथरी म्हणत. किला गेट असो वा लष्कर, मुलाच्या पोटात ती लागली की आम्हा डॉक्टरांचे मन प्रथम हिवतापाकडे धावते, आणि बहुधा ते योग्यही असते. परंतु उपचारानंतरही ती उतरत नाही, प्लेटलेट्स घटतात, हाडे दुखू लागतात, तेव्हा गोशे (गौचर) या आनुवंशिक रोगाचे स्मरण व्हावयास हवे. ते फार उशिरा होते, ही माझी तक्रार आहे.

१८८२ साली पॅरिसमध्ये फिलिप गोशे यांनी एका ३२ वर्षांच्या स्त्रीच्या अवाढव्य प्लीहेचे वर्णन केले. त्यांना तो प्लीहेचाच अर्बुद वाटला. खरा बिघाड १९६५ मध्ये रॉस्को ब्रॅडी यांनी दाखविला: ग्लुकोसेरेब्रोसिडेज या विकराची उणीव असल्याने जुन्या पेशींतील मेद पचत नाही आणि शरीरभरच्या भक्षक पेशींत साचत राहतो. प्लीहा हे त्याचे केवळ मोठे कोठार. कोठार पाडले तरी आवक थांबत नाही. संपूर्ण प्लीहा काढलेल्या रुग्णांत मेदाचा भार यकृत व हाडांवर पडतो, शिवाय न्यूमोकोकससारख्या जंतूंचे भय जन्मभर राहते. म्हणून १९८०च्या दशकात अनेक शल्यचिकित्सकांनी तिचा एक तुकडा राखून पाहिला. कित्येक रुग्णांत काही वर्षांतच तो तुकडा पुन्हा फुगला. यात शल्यचिकित्सकाच्या हाताचा दोष नव्हता. अस्थिमज्जेतून मेदाने भरणाऱ्या नव्या पेशी येतच होत्या. तरी तो प्रयत्न व्यर्थ होता असे मी म्हणणार नाही. औषधच नव्हते तेव्हा राखलेल्या तुकड्याने रुग्णाला काही वर्षे मिळवून दिली.

१९९१ पासून विकर शिरेवाटे देता येते. दर पंधरवड्याला, आजन्म. प्लीहा त्याने आक्रसते; किंमत मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका रिक्षाचालकाच्या गोशेग्रस्त मुलास मोफत उपचार देण्याचा आदेश दिला. २०२१ मध्ये दुर्मिळ रोगांचे राष्ट्रीय धोरण आले, २०२२ मध्ये साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपये झाली. आजन्म उपचारास ती पुरणारी नाही, हे शासनाने ओळखले पाहिजे. परंतु निदानच झाले नाही, तर दिल्लीचे एम्स, लखनौचे संजय गांधी संस्थान किंवा मुंबईचे के. ई. एम. यांच्या दारापर्यंत मूल पोहोचणार कसे?

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की कारण न कळलेल्या प्लीहेवर शस्त्र चालविण्यापूर्वी रक्ताच्या श्वेतपेशींतील विकराची चाचणी करावी. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला तरी चालेल. शस्त्रक्रिया अटळच असेल तर लसी आधी द्याव्यात. आणि पालकहो, निदान झाल्यावर भावंडांचीही तपासणी करून घ्या. आईवडील दोघेही वाहक असल्याने प्रत्येक गर्भारपणी चारात एक धोका असतो, मामेबहीण-आतेभाऊ विवाहांत अशी गाठ पडण्याचा संभव अधिक, आणि कुटुंबातील जनुकदोष ठाऊक असल्यास पुढील गर्भाची तपासणी वेळेत होऊ शकते.