'टॅसिट' म्हणजे नेमके कोणाचे मौन?

"लेखक आणि वाचक यांच्यात एक टॅसिट अंडरस्टँडिंग असते," हे वाक्य आम्ही वर्गात अनेकदा उच्चारले आहे. काही सखोल सांगितल्याचे समाधानही त्यातून मिळते. परंतु या एका इंग्रजी शब्दाखाली आपण तीन भिन्न गोष्टी झाकतो, असे आता आम्हांला वाटते.

पहिली, सांगताच न येणारी. मायकेल पोलान्यी यांनी 'द टॅसिट डायमेन्शन' (१९६६) या पुस्तकात विचार केला तो अशा ज्ञानाचा. सायकल चालवणाऱ्याला आपण तोल कसा सांभाळतो, हे पुरते सांगता येत नाही. दुसरी, सांगता येणारी, पण सांगण्याची गरज नसलेली. "कुठे निघालात?" "पंचवटीला." येथे 'निघालो' हे क्रियापद अध्याहृत आहे, ते उच्चारले तरी कोणाचे काही बिघडत नाही. तिसरी मात्र सांगता येते, सांगायला हवी असते, आणि नेमकी तीच बोलू दिली जात नाही.

हा तिसरा प्रकार आम्हा नाशिककरांना परका नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि मंदिराची दारे बंद झाली. 'सर्वांना ठाऊक असलेली' रीत त्या बंद दारांनी उघड बोलून दाखवली. तोवर जी मूक संमती भासत होती, ती संमती नव्हतीच. मूक असणे म्हणजे संमत असणे नव्हे, हे बाबासाहेब आंबेडकरांच्या पाक्षिकाच्या नावातच, 'मूकनायक'मध्ये, १९२० सालीच दिसले होते.

नाशिकचेच बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाची शीर्षककथा पाहावी. निवेदक जात लपवून परगावी राहतो. त्याला मिळणारा स्नेह एका न उच्चारलेल्या गृहीतकावर उभा असतो. ते ढासळताच त्याच्या वाट्याला मारहाण येते. येथे 'टॅसिट अंडरस्टँडिंग' म्हणणे हे कथेचे चुकीचे वाचन ठरेल.

हा शब्द टाकूनच द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. तो लिहिण्यापूर्वी एवढेच विचारावे: येथे गप्प कोण आहे, आणि बोलल्यास त्याला कोणती किंमत मोजावी लागेल? उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर आपला 'अध्याहृत' पुरेसा आहे. तसे नसेल, तर त्या मौनाला निदान 'समजूत' तरी म्हणू नये.