उद्या कुणाच्या बापाचा?

एक माणूस तोंडातून जन्मतो, दुसरा दंडातून, तिसरा मांडीतून, चौथा पायातून. आणि आम्ही तर त्या शरीराच्याच बाहेर. ही कथा कुणी लिहिली, दोस्तांनो? याहून अचाट फॅन्टसी जगात झाली नाही. हजारो वर्षं आम्ही तिच्यात राहतोय, तिचं भाडं भरतोय. आणि मी शंभर वर्षांनंतरच्या गोदीची एक गोष्ट लिहिली, तर एक संपादक म्हणतो, 'तुम्ही अनुभवाचं लिहा. कल्पना हा तुमचा प्रांत नव्हे.' म्हणजे आम्ही फक्त जखमा पुरवायच्या. कंटेनर भरभरून.

हा संपादक अमेरिकेतही होता. तिथे त्याचं नाव जॉन कॅम्बेल. विज्ञानकथेतलं मोठं प्रस्थ. १९६७ साली सॅम्युअल डिलेनी या काळ्या लेखकाची 'नोव्हा' त्याच्याकडे गेली. डिलेनीनेच सांगून ठेवलंय: कॅम्बेलला कादंबरी आवडली, पण काळा नायक वाचकांना झेपणार नाही म्हणून त्याने ती परत केली. यान ताऱ्यांपर्यंत जातं, ते झेपतं. यानात काळा कप्तान बसला की विज्ञान बिघडतं! त्याच्या नावाचं पारितोषिक २०१९ पर्यंत वाटलं जात होतं.

'फायरसाइड' मासिकाने २०१६ मध्ये मोजदाद केली. २०१५ साली ६३ मासिकांत २०३९ नव्या कथा. त्यात काळ्यांच्या किती? ३८. बंदीचा कायदा कुणी केला नव्हता, फक्त 'दर्जा' होता. हा दर्जा नावाचा इसम माझ्या चांगलाच ओळखीचा आहे.

काळ्या पोरापोरींनी मग अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर स्वतःचं त्रैमासिक काढलं. अद्भुत कथा, अद्भुत कविता, सगळं काळ्यांचं. नाव 'फाया'. 'फायर'चा वस्तीतला उच्चार. शुद्धलेखनवाल्यांच्या थोबाडात मुखपृष्ठावरच! मी दहावीच्या इंग्रजीवर, डिक्शनरी उघडी ठेवून वाचतो. मला हे नाव मात्र डिक्शनरीशिवाय कळलं. २०२१ मध्ये याच 'फाया'ला ह्यूगो पारितोषिक द्यावं लागलं.

नावाची मुळं १९२६ च्या हार्लेममध्ये आहेत. वॉलेस थर्मन, झोरा नील हर्स्टन, लँग्स्टन ह्यूज (हा मालवाहू बोटीवर राबलेला, आपल्यातलाच) यांनी 'फायर!!' काढलं. एकच अंक. शेकडो प्रती तळघरातल्या आगीत खाक झाल्या आणि थर्मन कर्ज फेडत बसला. आणि नाकं कुणी मुरडली? काळ्या समाजातल्याच सभ्य लोकांनी.

ते सभ्य आपल्यातही आहेत. 'पोटात आग, आणि हे चालले चंद्रावर!' त्यांनी ड्यू बॉइस वाचावा. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून काळ्यांनी युनोला दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या, तेच ड्यू बॉइस. या समाजशास्त्रज्ञाने १९२० मध्ये 'द कॉमेट' ही कथा छापली. न्यूयॉर्कच्या बँकेतला काळा हरकाम्या जिम. किमती माणसांचा जीव धोक्यात घालायचा नाही, म्हणून याला खालच्या तळघरात पाठवतात. वर धूमकेतूचा विषारी वायू शहर मारून टाकतो. जिम वाचतो, कारण तो खाली होता. जहाजाच्या तळात उतरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एक श्रीमंत गोरी बाईही वाचलेली असते. काही तास दोघं नुसती माणसं. मग कळतं, फक्त न्यूयॉर्क मेलंय, बाकीची दुनिया शाबूत आहे. गोरे परत येतात. प्रेतांचा खच पडलाय, आणि यांच्या तोंडी जिमला लटकवायची भाषा!

आत्मकथनांनी दारं फोडली, ते कुणी नाकारत नाही. पण माणूस व्हायला अख्खं शहर मरावं लागतं, आणि तेही काही तासांपुरतं, हे कुठल्या आत्मकथनात मावलं असतं?

ओकलंडला १९६६ मध्ये उभ्या राहिलेल्या पँथरचं नाव आपण १९७२ मध्ये मुंबईत घेतलं. मग 'फाया'कडून घ्यायला लाज कसली? पुष्पक विमान त्यांचं, अमृत त्यांचं, कलियुगाचा हिशेबही त्यांचाच. पुढच्या अंकाला गोष्टी पाठवा, कविता पाठवा, २१२६ सालातल्या. यंत्रं हवी तेवढी उडवा. फक्त मुकादम कोण आहे आणि तळात कोण उतरतंय, तेवढं लिहायला विसरू नका.