बोलनेवाला एकीच है?

गेल्या महिन्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी पाठवली. मोहल्ल्यातली चार-पाच पोरं मिळून मराठीत पॉडकास्ट सुरू करताहेत, अधूनमधून यूट्यूबवर लाइव्हही येणार आहेत. वर्गणी जमली आहे, सामान घ्यायचं आहे. लॉकडाऊनमध्ये धडे रेकॉर्ड करता करता मला या उपकरणांची थोडी माहिती झाली, हे त्याला ठाऊक. म्हणून, "आपा, जरा एक नजर डालो."

यादीत शुअरचा एसएम७बी माईक होता. फोकसराइटचा स्कारलेट सोलो हा छोटा ऑडिओ इंटरफेस होता. माईक टांगायचा स्टँड, मागच्या भिंतीसाठी जांभळ्या दिव्यांची पट्टी आणि चॅनेलचं नाव लिहिलेला चमकता बोर्डही होता. माईक मात्र एकच.

मी विचारलं, दुसरा माईक? उत्तर आलं, "आपा, बोलनेवाला तो एकीच है ना."

या वाक्याशी माझं भांडण आहे. पोराशी नाही, तो गुणी आहे. पण त्याच्या यादीत आपल्या सगळ्या सभा, जलसे आणि बयानं बसलेली आहेत. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, बायका पडद्यापलीकडे किंवा घरी. आता तेच आपण इंटरनेटवर नेणार आणि त्याला पॉडकास्ट म्हणणार.

आधी त्या डबीबद्दल बोलू, कारण भांडण तिच्यातच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑडिओ इंटरफेस म्हणजे माईक आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाषा. माईकमधून निघणारा विजेचा संकेत फार क्षीण असतो. इंटरफेस आधी तो वाढवतो, मग त्याचे आकडे करून यूएसबीतून लॅपटॉपला देतो. वाढवण्याच्या त्या भागाला प्रीअँप म्हणतात आणि एका माईकला एक प्रीअँप लागतो. दुकानदाराकडून एवढंच नीट समजून घ्या, बाकी नंतर.

कारण खोक्यावरचे शब्द फसवतात. "टू इन, टू आउट" लिहिलं की आपल्याला वाटतं, दोन माईक लागतील. स्कारलेट सोलोला दोन इनपुट आहेत खरे, पण त्यातला एकच माईकचा, दुसरा गिटार किंवा कीबोर्डचा. बेहरिंगरच्या यूएमसी२२चं तसंच. स्ट्रीमिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या यामाहाच्या एजी०३लाही माईकची जागा एकच. ज्यात खरोखर दोन माईक लागतात ती त्यांची थोरली भावंडं: स्कारलेट २आय२, बेहरिंगरचा यूएमसी२०२एचडी, मोटूचा एम२, स्टाइनबर्गचा यूआर२२सी. आकाराने तीही डब्यातल्या पोळीभाजीच्या कप्प्यापेक्षा फार मोठी नाहीत. एकटा गाणारा, गिटार वाजवणारा पोरगा असेल तर सोलो उत्तम. आपल्या मोहल्ल्यात गिटार कोण वाजवतंय?

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मोबाईल मध्ये ठेवा आणि बोला. एकट्याने बोलायचं असेल तर मोबाईल खरंच पुरतो, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण दोघांत एक मोबाईल ठेवला की काय होतं ते मी भोगलं आहे. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना काय अडचणी येतात यावर बोलायला मला एका चॅनेलने बोलावलं होतं. मुलाखत घेणारे टेबलाशी, मोबाईल त्यांच्या पुढ्यात, मी समोरच्या सोफ्यावर. व्हिडिओ आला तेव्हा त्यांचा आवाज खणखणीत आणि माझा विहिरीतून आल्यासारखा. खाली प्रतिक्रिया: "मॅडम, थोडं मोठ्याने बोलत जा." वर्गात पन्नास पोरांना शेवटच्या बाकापर्यंत ऐकवणारी बाई मी!

यात गूढ काही नाही. माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. जवळ बसलेला मोठा, लांब बसलेली लहान. नंतर लहान आवाज वाढवायला जावं तर त्याच्याबरोबर पंखा, रिक्षा आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही वाढते. शिवाय मोबाईल स्वतःच आवाज वरखाली करत असतो. माणूस विचार करायला क्षणभर थांबला की तो पंखा मोठा करून ऐकवतो. आपण म्हणतो, बायका हळू बोलतात, म्हाताऱ्या माणसांचं कळत नाही. माईक कोणाजवळ ठेवला होता, हे कोणी विचारत नाही.

म्हणून मी दोन माईक म्हणते तेव्हा दोन प्रीअँप आणि दोन वेगळे ट्रॅक म्हणते. जिचा आवाज हलका तिचा तेवढाच ट्रॅक वाढवता येतो. दुकानात तुम्हाला मंडपवाल्यांसारखा मिक्सर दाखवतील, इकोचं बटण असलेला. घेऊ नका. अशा बहुतेक स्वस्त मिक्सरमधून यूएसबीवर दोन्ही आवाज कालवूनच बाहेर पडतात, मग खिचडीतून डाळ वेगळी कोण करणार? आणि त्या इकोने आपलं किती नुकसान केलं आहे! नातेला आणि कव्वालीला थोडी गुंज शोभते. पण शिष्यवृत्तीचा फॉर्म कसा भरायचा हे सांगतानाही माणूस घुमटाखालून बोलतोय असं वाटलं तर ऐकणारा अर्थ सोडून रुबाब ऐकतो. कदाचित बोलणाऱ्याला तेच हवं असतं.

पोराच्या यादीत आणखी एक गंमत होती. एसएम७बी हा नावाजलेला माईक, पण त्याचा संकेत फारच क्षीण. शुअर स्वतः त्याला किमान ६० डेसिबल वाढ द्या म्हणते. सध्याच्या चौथ्या पिढीचा सोलो देतो ५७. त्याच पिढीचा २आय२ देतो ६९. म्हणजे वर्गणीतला सर्वांत मोठा घास ज्या माईकवर जाणार, त्याला पुरेल एवढी ताकद सोबतच्या डबीत नाही. दणकून बोलणारा वक्ता त्यातूनही निभावून नेईल. पण हलक्या आवाजात, अडखळत, पहिल्यांदाच माईकपुढे बसलेली खाला? तिच्यासाठी बटण शेवटपर्यंत फिरवावं लागणार आणि तरी ती पुटपुटल्यासारखीच ऐकू येणार. खोक्यावरचा गेनचा आकडा पाहताना मला हीच खाला दिसते. त्याच खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ असंही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ते सोडून द्या. व्हिडिओला ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट भरपूर झाले.

एका एसएम७बीच्या पैशात त्याच कंपनीचे एसएम५८ दोन-तीन तरी येतात. हा माईक १९६६पासून सभा-मैफिलींत मार खात उभा आहे. तोही डायनॅमिक, म्हणजे जवळचं नीट ऐकणारा आणि लांबचं बऱ्यापैकी सोडून देणारा. पत्र्याच्या किंवा फरशीच्या खोलीत ४८ व्होल्टवर चालणारा नाजूक कंडेन्सर माईक लावाल तर तो गल्लीतली भांडणंसुद्धा टिपेल. तोंडापासून चार बोटांवर माईक, मागे-बाजूला घरातल्या गोधड्या आणि गाद्या. जांभळ्या पट्टीचे पैसे वाचतील. अजान सुरू झाली तर बोलणं थांबवा, संपली की पुढे चला. ती लपवायची वस्तू नाही, पण तिच्यावर ओरडून मुलाखतही घ्यायची नसते.

लाइव्ह येणाऱ्यांसाठी एक सापळा सांगते, कारण यात मी स्वतः पडले आहे. ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये असा इंटरफेस जोडला की पहिला माईक डाव्या कानात जातो आणि दुसरा उजव्या. अर्धे लोक एकच इअरफोन लावून ऐकतात. त्यांच्यापैकी कोणाला फक्त प्रश्न ऐकू येतात, कोणाला फक्त उत्तरं! ऑडिओच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन त्या स्रोतापुढचं "मोनो" टिकमार्क करा. मुंबई-कोकणातून आखातात गेलेल्या कोणाला कॉलवर घ्यायचं असेल तर आणखी सांभाळा. लूपबॅक म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज परत प्रक्षेपणात मिसळण्याची सोय. ती कामाची आहे, पण तोच मिसळलेला आवाज कॉलवरही गेला तर पाहुण्याला स्वतःचंच बोलणं मागून ऐकू येतं आणि तो बिचारा अडखळतो. फोनवरचे पाहुणे वरचेवर असतील तर झूमचा पॉडट्रॅक पी४ पाहा. त्यात पाहुण्याला त्याचाच आवाज वगळून बाकीचं पाठवायची सोय आहे. चार माईक लागतात, रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर होतं आणि दोन पेन्सिल सेलवरही तो चालतो. लाइट जाणाऱ्या गावात ही शेवटची गोष्ट मला सर्वांत आवडली.

हे सगळं तंत्राचं झालं. "आपा, पण दुसऱ्या माईकवर बसवायचं कोणाला?" हा खरा प्रश्न, आणि तो मला तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला आहे. तिघेही पुरुष.

टीव्हीवर आपला माणूस कधी बोलावला जातो ते आपल्याला माहीत आहे. तलाक, हिजाब, दंगल. सहा खिडक्यांतली एक खिडकी त्याची, आणि ओरडल्याशिवाय पाळी येत नाही. त्याचा राग येऊन आपण स्वतःचं चॅनेल काढायचं आणि तिथे पुन्हा एकाच माणसाला बसवून बाकीच्यांना ऐकायला लावायचं, तर आपली तक्रार नेमकी कशाबद्दल होती? १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तेव्हापासून "आम्हीही मराठीच" हे आपण लिहून सांगत आलो आहोत. लिहिणारे पुष्कळ झाले. पण घरातली भाषा, दखनी आणि मराठी एकाच वाक्यात घेणारी, कोकणात वेगळी, मराठवाड्यात वेगळी, ती कानावर किती वेळा येते? ती बोलणारी माणसं भाषण करत नाहीत. त्यांना कोणीतरी विचारावं लागतं, मग ती सांगतात. आणि विचारायला समोर बसलेलं माणूस, त्याच्यापुढे माईक आणि सांगणाऱ्यापुढे दुसरा माईक लागतो. मला अजूनही लोक म्हणतात, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" त्यांच्यावर मी फार चिडत नाही. त्यांनी आमची मराठी ऐकलेली नाही, आणि ऐकवण्याची सोय आम्हीही केलेली नाही.

"खर्च वाढतो" असं म्हणू नका. एसएम७बी आणि दिवे काढा, दोन एसएम५८ आणि दोन माईकचा इंटरफेस बसवून पाहा, मग बोलू. ज्यांच्याकडे तेवढेही नाहीत त्यांनी यूएमसी२०२एचडी आणि मिळतील ते साधे डायनॅमिक माईक घ्यावेत. दोन साधे माईक एका भारी माईकपेक्षा माझ्या हिशेबात केव्हाही वरचढ. हेडफोनची जागा अशा इंटरफेसवर बहुधा एकच असते, तेव्हा दोघांना ऐकायला एक स्प्लिटर लागेल. त्याला काही फार पैसे पडत नाहीत.

मी त्याची यादी दुरुस्त करून परत पाठवली आहे. रस्त्यापलीकडे त्याची दादी राहते. तिने बहात्तरचा दुष्काळ पाहिला आहे, खडी फोडायला गेली आहे, आणि मुकादम हजेरी कशी मांडायचा याची नक्कल ती अजून करून दाखवते. म्हणून यादीत शेवटी एक ओळ वाढवली: दुसऱ्या माईकची केबल लांब घ्या आणि स्टँड बुटका, दादीला खुर्ची चालत नाही.