शिबिर वाडीवर न्या

मार्च लागला की आपल्या क्षेत्रात फोनाफोनी सुरू होते. सभागृह मिळतंय का, मुखवट्यांना कोण येईल, नाचाला कोण, समारोपाला पाहुणे कोण. दादर, पार्ले, ठाणे, पुणे इथल्या बालनाट्य शिबिरांची नावनोंदणी परीक्षा संपण्याआधीच सुरू होते. याच दिवसांत कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या रिसॉर्टांत आणि फार्महाउसांतही शिबिरं भरतात. मुंबईची मुलं बसने येतात, तंबूत राहतात, नदीत डुंबतात, मातीकाम करतात आणि परत जातात. त्यांना ती मजा मिळावी, याबद्दल आमची तक्रार नाही. पण कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कडावमध्ये किंवा पुढे कशेळ्याच्या आसपासच्या वाड्यांवर जी मुलं बारा महिने राहतात, त्यांना सकाळी घरून निघून दुपारी घरी परतता येईल असं कलाशिबिर सहजी सापडत नाही. कुणी भरवलंच, तर बहुधा शहरातला आराखडा तसाच उचलून आणलेला असतो आणि तिसऱ्या दिवशी निम्मी मुलं गळतात. मग ‘इथल्या पालकांना कलेचं महत्त्व कळत नाही’ असा शेरा मारला जातो. हा शेरा आम्हाला मान्य नाही. गळतीचं कारण आपल्या वेळापत्रकात आहे.

मे महिन्यात या भागात काय चाललेलं असतं ते आधी पाहू. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाला कालव्याच्या पट्ट्यात उन्हाळी भात होतं. आपण शिबिर ठेवतो तेव्हाच त्याची कापणी-झोडणी असते आणि घरातला दहा-बारा वर्षांचा मुलगा हाताशी लागतो. ठाकरवाड्यांवर करवंदं, जांभळं, आंबे यांचे दिवस असतात. पहाटे रान गाठायचं आणि द्रोण भरून रस्त्यावर किंवा स्टेशनात विकायला बसायचं, यात मुलींचा वाटा मोठा. त्यात लग्नसराई. कातकरी मुलांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांचे आईबाप दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. आपण कडावच्या शाळेत 5 मेला नारळ फोडतो तेव्हा ती मुलं गावातच नसतात. आपल्या हजेरीपटावर ती गैरहजरसुद्धा लागत नाहीत, कारण त्यांची नावंच तिथे आलेली नसतात.

म्हणून पहिली सूचना तारखांबद्दल. दहा दिवस सलग हवेत, हा हट्ट सोडावा. पाच दिवस एप्रिलमध्ये भट्टीवर आणि पाच दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात वाडीवर, अशी विभागणी करून पाहावी. रायगडातल्या शाळा 15 जूनच्या आसपास उघडतात. त्याआधी पेरणीची धांदल असली तरी मुलं घरी आलेली असतात. भट्टीवर जायचं हे ऐकायला अवघड वाटेल, पण आपल्याकडे त्याचा पायंडा आहे. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, त्या ‘मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल’ याच विचाराने. शाळा गेली, तिथे चित्रकला आणि नाटक का जाऊ नये?

आणि तिथे गेल्यावर मातीकाम शिकवायला बसू नका, आधी पाहा. भट्टीवरच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला चिखल किती मळायचा ते ठाऊक असतं. ती गोळा हातात घेते, अंगठा रोवते, कडेला भेग गेली तर पाण्याचा हात लावण्याऐवजी चिमूटभर तूस मिसळते आणि पुन्हा मळते. तूस आणि राख घातली की वाळताना तडे कमी जातात, हे ती आईच्या शेजारी बसून शिकलेली असते. तिने केलेला बैल उन्हात तडकत नाही. शहरातून आणलेल्या शाडूचा आपला बैल मात्र दुपारपर्यंत शिंगं गाळतो. अशा मुलीला पहिल्या दिवशी इतर मुलांची शिक्षिका करावी. शिबिराचा पुढचा सगळा रंग त्याने पालटतो.

दुसरा प्रश्न भाषेचा. कडावच्या एका वर्गात आगरी बोलणारी, ठाकरी बोलणारी, कातकरी बोलणारी आणि पुस्तकी मराठी बोलणारी मुलं एकत्र बसतात. त्यांच्या हातात छापील संवाद दिले की पुस्तकी बोलणारी दोन-चार मुलं नायक होतात आणि बाकीची झाडं, ससे, नाही तर पडदा ओढणारी. शिकागोत जेन अॅडम्स यांनी 1889 साली सुरू केलेल्या हल हाउसमध्ये हाच पेच होता. तिथल्या वस्तीत देशोदेशीहून आलेल्या कुटुंबांची मुलं होती. तिथे नेवा बॉइड यांच्या हाताखाली शिकलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी पुढे खेळांतून नाटक शिकवण्याची पद्धत बसवली आणि 1963 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आज आपण शिबिरात जे ‘थिएटर गेम’ घेतो त्यातले कितीतरी तिथून आलेले आहेत. त्यातला आरशाचा खेळ आम्हाला कडावसारख्या ठिकाणी सर्वांत मोलाचा वाटतो. दोन मुलं समोरासमोर उभी राहतात. एकाने हात हलवायचा, दुसऱ्याने आरशासारखं तसंच करायचं. मग अदलाबदल. मग ताईने सांगायचं, आता पुढारी कुणीच नाही, तरी थांबायचं नाही. दोघांच्या नजरा एकमेकांवर खिळतात आणि कोण कुणामागे चाललंय ते बघणाऱ्याला कळेनासं होतं. या सगळ्यात एक शब्दही लागत नाही. चार दिवस असे गेले की मुलं आपणहून बोलू लागतात, आणि आपल्या बोलीत बोलतात. ते शुद्ध करायला जाऊ नये.

संहिता बाहेरून आणू नये, हे त्याला जोडूनच. मराठी बालरंगभूमीचा आम्हाला अभिमान आहे. 1959 साली सुधा करमरकर यांनी ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, पुढे सुलभा देशपांडे यांच्या ‘चंद्रशाळे’ने मुलांना गांभीर्याने घ्यायला शिकवलं. तरीही कडावसाठी आम्ही बोट दाखवू ते रत्नाकर मतकरी यांच्या उत्तरायुष्यातल्या कामाकडे. ‘मधुमंजिरी’ लिहिणाऱ्या याच लेखकाने ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथे लोकवस्तीतल्या मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका बसवल्या. पन्नास वर्षं मुलांसाठी नाटक लिहिलेला माणूस शेवटी मुलांचं नाटक ऐकायला बसला. आपल्यातल्या प्रत्येक दिग्दर्शकाने यावर विचार करावा.

इथे एक सावधगिरी हवी. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या मुलांबरोबर काम करताना ‘तुमच्या आयुष्यातला मोठा प्रसंग करून दाखवा’ असं कुणीही सांगू नये. मूल आपणहून बोललं तर ऐकावं, पण प्रेक्षकांसमोर ते मांडू नये.

शिक्षक कोण, हा तिसरा मुद्दा. लग्नात धवले गाणारी धवलारीण, ढोल वाजवणारा काका, टोपल्या विणणारी आजी यांना आपण उद्घाटनाला बोलावतो, शाल देतो आणि घरी पाठवतो. त्यांना तासिका द्याव्यात, आणि मुंबईहून आलेल्या नाट्यशिक्षकाला जितकं मानधन तितकंच त्यांनाही द्यावं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना विद्यार्थी न धरता सहायक नेमावं. मुलं याच सुट्टीत केटरिंगला किंवा बंगल्यांच्या कामाला जातात, मुली घर सांभाळतात. त्यांना थोडे पैसे मिळाले तरच ती येतील. नितीन देसाई यांनी 2005 साली उभारलेला एन. डी. स्टुडिओ याच भागात आहे. पडद्यावरचा किल्ला लाकूड आणि प्लॅस्टरमधून कसा उभा राहतो, हे या वयाच्या मुलांना तिथे नेऊन दाखवता आलं तर त्यांना एका कामधंद्याची वाटही दिसेल.

बाकीचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी साडेसातला सुरू करून अकराला सोडावं. सुट्टीत शाळेची खिचडी शिजत नाही, म्हणून शिबिराच्या खर्चात पहिली रक्कम जेवणाची लिहावी, रंगांची नंतर. लांबच्या वाड्यांसाठी मिनीडोर ठरवावी आणि मुली घरी पोहोचेपर्यंत जबाबदारी आपली मानावी. पैशासाठी ग्रामपंचायतीकडे जावं. स्वउत्पन्नातला 10 टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी खर्च करणं तिला बंधनकारक आहे, आणि त्यासाठी अर्ज करायला फारसं कुणी जात नाही. समारोप सभागृहात नको, वाडीतल्या अंगणात संध्याकाळी ठेवावा, म्हणजे कामावरून परतलेले आईबाप बघायला येऊ शकतील.

या महिन्यात तारखा ठरवण्याआधी एक दिवस कडावला जा. मुख्याध्यापकांना भेटा, एखाद्या ठाकरवाडीवर आणि एखाद्या भट्टीवर जाऊन आईबापांना विचारा की मुलं कधी मोकळी असतात. जे उत्तर मिळेल त्यावर वेळापत्रक आखा आणि ते आमच्याकडे पाठवा. आलेली सगळी वेळापत्रकं आम्ही पुढच्या अंकात छापू.