नाक कुठं गेलं हिचं?

मागच्या दिवाळीत माझा भाऊ नागपूरहून पर्शियन मांजर घेऊन शहापूरला घरी आला, तेव्हा सगळ्यांनी आधी फोन काढले. आजीने मात्र तिला उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, ‘‘काऊन रे, इचं नाक कुठी गेलं?’’ आम्ही पोट धरून हसलो. पांढरीशुभ्र म्हणून नाव ठेवलं मलाई. पहिल्याच आठवड्यात तिच्या रीलला भावाच्या कॉलेजच्या गॅदरिंगपेक्षा जास्त लाइक्स मिळाले.

मग मे महिना आला, नवतपा लागला. एका दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला आणि मलाई फरशीवर आडवी होऊन तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली. भाऊ म्हणाला, ‘‘बघ ना, कुत्र्यासारखी करतेय!’’ आणि शूट करत बसला. कुत्र्याचं धापा टाकणं रोजचं असतं. मांजर तशी धापा टाकायला लागली, तर समजा जिवावर बेतलंय. घरात चार शिकलेली माणसं, पण हे एकालाही माहीत नव्हतं. जवळच्या दवाखान्यातले डॉक्टर प्रामाणिक निघाले. म्हणाले, ‘‘माझ्याकडे गाई-म्हशी, शेळ्या येतात. हिला नागपूरलाच न्या.’’ शेजाऱ्यांची गाडी मागितली, तिचे पंजे-अंग पाण्याने ओलं केलं, एसी पूर्ण सोडला आणि हायवेने पन्नासेक किलोमीटर गेलो. ती वाचली. त्या रात्रीपासून मी आजीच्या प्रश्नाचं उत्तर शोधतेय.

तर, नाक गेलं कुठं? माणसाने घालवलं. सतराव्या शतकात इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने पर्शियातल्या लांब केसांच्या मांजरींबद्दल लिहिलं, तेव्हा त्याला भुरळ पडली होती ती त्यांच्या केसांची. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं कॅट शो भरलं आणि मांजरींना ‘ब्रीड’, नियम, बक्षिसं चिकटली. त्या काळची चित्रं बघा, पर्शियनला चांगलं ठसठशीत नाक आहे. पुढे विसाव्या शतकात चपट्या चेहऱ्याला मागणी आली. मग चपट्याची जोडी चपट्याशी, त्यांच्या पिल्लांतून अजून चपटं निवडायचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

आपल्याकडे विकणारे याची भाषा फार गोड करतात. डॉल फेस, सेमी पंच, पंच. जितकं नाक आत, तितका भाव वर. म्हणजे जास्त पैसे देऊन आपण जास्त त्रासाचं जनावर घेतो! कवटी आखूड झाली तरी आतला मऊ भाग त्या मानाने कमी होत नाही, त्यामुळे श्वासाची वाट अरुंद होते. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी वाकडी होते, म्हणून डोळे सतत गळतात आणि गालावर तपकिरी डाग पडतात. जबडाही नीट जुळत नाही, त्यामुळे काहींना दाणे उचलून खाणंही जड जातं. आपण त्या चेहऱ्याला ‘किती रागीट क्यूट’ म्हणतो. वर लांब केसांचा जाड कोट, आणि खाली आपला भंडारा-नागपूरचा उन्हाळा. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि लाइट कधी जाईल, हे महावितरणलाही सांगता येत नाही.

दिसत नाही असं एक दुखणं किडनीचं आहे. पर्शियनमध्ये पीकेडी नावाचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात किडनीत पाण्याच्या गाठी होतात आणि हळूहळू वाढतात. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरे, आणि लक्षणं दिसेपर्यंत मांजर सहा-सात वर्षांची झालेली असते. यामागचा जनुकातला बदल २००४ मध्ये सापडला. आता गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरही तपासणी होते. म्हणून पिल्लू बघायला जाल तेव्हा रंग नंतर विचारा, आधी विचारा, आईबापांची पीकेडी टेस्ट झाली आहे का? माझ्या भावाने विकणाऱ्याला मेसेज करून बघितला. उत्तरात हसणारे इमोजी आले.

दुसरं म्हणजे, २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. इन्स्टावर ‘पस्तीस दिवसांचं, एकदम हेल्दी’ असं लिहिलेलं दिसलं तर पुढे स्क्रोल करा.

माझं मत विचाराल तर पंच फेस घेऊच नका. मागणी थांबल्याशिवाय नाकं परत येणार नाहीत. मांजर हवीच असेल तर आपली गावठी मांजर आहेच, नाकासकट! ‘पण तिची रील चालत नाही’ असं मला एका मैत्रिणीने खरंच सांगितलं. यावर काय बोलणार?

पण ज्यांच्याकडे पर्शियन आधीच आहे त्यांनी काय करायचं? रोज विंचरायचं. रोज म्हणजे रोज, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. दोन-चार दिवस सुटले की काखेत, पोटाखाली केसांचे गठ्ठे होतात आणि कातडी ओढली जाते. डोळे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसायचे. खाणं मांजरीचंच, कुत्र्याचं नाही. मांजरीला टॉरिन लागतं आणि ते कुत्र्याच्या खाण्यात पुरेसं असेलच असं नाही. वाटीभर दुधाने बहुतेक मोठ्या मांजरींना जुलाब होतात, हे आजीला पटवायला मला दोन महिने लागले. लसी वेळेवर द्या. बोका लघवीला बसतोय पण होत नाही असं दिसलं, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी न्या. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. माणसाची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते.

नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी दवाखानेही आहेत. पण ते नागपूरला आहेत. शहापूर, साकोली, तुमसर, पवनी, तुम्ही जिथे राहता तिथून गाडी, पैसे आणि रात्री अकराला सोबत येणारं माणूस आहे का, याचा हिशेब मांजर घरी आणायच्या आधी करा. आम्ही तो नवतप्यात केला.

अजून एक हिशेब आपल्या वयाचे कोणीच करत नाहीत. मांजर बारा-पंधरा वर्षं जगते. आपण एकविसाव्या वर्षी घेतो, तेविसाव्या वर्षी गाव सोडतो. भाऊ जुलैत पुण्याला गेला. रूमवर मांजर चालत नाही, त्यामुळे मलाई आता आईची झाली आहे. घरात इन्व्हर्टर आला, तोही आईनेच भिशीच्या पैशातून घेतला. भाऊ व्हिडिओ कॉलवर ‘‘मलाईला दाखव’’ म्हणतो. संध्याकाळी सिरियल बघता बघता आई तिला विंचरते, आजी कापसाने तिचे डोळे पुसते. हाक मारताना मात्र आजी तिला अजूनही नकटीच म्हणते.