मधल्या फळीतला गडी

मला बहिणी दोन. थोरली पेणला, धाकटी रोह्याला. त्यामुळे भाऊबीजेच्या दिवशी माझे दुपारचे पान पेणला आणि रात्रीचे रोह्याला ठरलेले. मधल्या वेळात आगगाडीत बसून कासू, नागोठणे ही स्टेशने मोजायची आणि पहिल्या बहिणीचे जेवण दुसरीच्या जेवणाला जागा करून देईल अशी आशा धरायची. धाकटीकडे ओवाळणी टाकली की माणूस मोकळा होतो. पेणच्या अक्काचे तसे नाही. तिच्या तबकात निरांजन, सुपारी आणि अक्षता यांच्या जोडीला बहुधा एखादे काम असते. एका वर्षी ते घरपट्टीचे होते, एका वर्षी कुणाच्या तरी पत्रिकेचे. गेल्या भाऊबीजेला ते माझ्या भाच्याचे निघाले.

"याला काहीतरी सांग," ओवाळून झाल्यावर अक्का म्हणाली. "बूट माळ्यावर टाकलेत याने."

मला वाटले, ही आनंदाचीच वार्ता आहे. गेली तीन वर्षे ही बाई त्या बुटांच्या नावाने बोटे मोडीत आलेली. चिखल, फाटके मोजे, फुटलेले गुडघे, आणि पुढचे वर्ष दहावीचे! मी म्हणालो, "मग चांगलंच झालं की."

"चांगलं काय झालं? मी सोड म्हणत होते ते अभ्यासासाठी. याने सोडलंय ते रुसून. चार दिवस धड जेवला नाही. हे असं सोडलेलं मला नको."

हकीकत अशी होती. शाळेचा फुटबॉल संघ स्पर्धेला गेला होता. यादीत भाच्याचे नाव होते. तीन सामने झाले. तिन्ही वेळा त्याने बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि खेळ संपल्यावर तशाच सोडल्या. एक मिनिटभरही त्याला मैदानात घेतले नाही. घरी आला तर आळीतल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न: "काय रे, किती गोल मारलेस?"

"आणि खेळलो असतो तरी हेच विचारलं असतं, मामा," तो म्हणाला. "मी मधे खेळतो. गोल करणाऱ्याचं नाव होतं, अडवणाऱ्याचं होतं. मधल्याने नुसतं धावायचं."

हे तो सांगत होता तेव्हा त्याच्या अंगात एक फिकट निळा सदरा होता. बूट माळ्यावर गेले तरी सदरा अंगावरून उतरला नव्हता. पाठीवर इंग्रजी अक्षरांत इतके लांब नाव की ते एका खांद्यापासून निघून दुसऱ्या खांद्यावर कसेबसे पोचत होते. सर्गेइ मिलिंकोविच-साविच. हा गृहस्थ सर्बियाचा, मधल्या फळीतला खेळाडू. भाच्याने त्याची कारकीर्द मला परवचा म्हणावी तशी म्हणून दाखवली. जन्म १९९५ सालचा, स्पेनमधल्या येइदा गावी, कारण बाप तेव्हा तिथे फुटबॉल खेळत होता. आई बास्केटबॉलची खेळाडू. सुरुवात नोवी साद शहराच्या वोयवोदिना क्लबात, मग एक हंगाम बेल्जियममध्ये, २०१५ पासून आठ हंगाम रोमच्या लात्सिओकडे, आणि २०२३ साली रियाधच्या अल-हिलालकडे. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अल-हिलालचा संघ आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला आणि मुंबई सिटीला २-० असे हरवून गेला. पेणहून नेरूळ ते काय लांब! पण तो सोमवार होता, दुसऱ्या दिवशी शाळा होती, आणि अक्का अक्का होती.

सर्बिया म्हटल्यावर माझ्याही डोक्यात जुने काही हलले. आमच्या नकाशात तो देश नव्हता. युगोस्लाव्हिया होता, आणि सर्बिया त्याच्या पोटात. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांतले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. उपांत्य सामना युगोस्लाव्हियाशी. तिथेही पहिला गोल नेव्हिलनेच केला. पण तो आनंद फार टिकला नाही, सामना ४-१ असा गेला. त्या युगोस्लाव्ह संघात बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबाचा एकोणीस वर्षांचा शेकुलारात्स होता. तोही मधल्याच फळीतला, आणि पुढे इतका लोकप्रिय झाला की १९६२ साली त्याला घेऊन चित्रपट निघाला. हे सगळे मी भाच्याला ऐकवले. मधल्या फळीतल्या माणसाला कुणी विचारीत नाही, या त्याच्या तक्रारीला हे उत्तर आहे असा माझा समज होता.

"ते सर्बियात," भाचा म्हणाला.

मी गप्प झालो. दुपारच्या गाडीला वेळ होत आली होती. अक्काने धाकटीसाठी फराळाचा डबा भरला आणि डब्याबरोबर भाचाही माझ्या स्वाधीन केला. "रोह्याला घेऊन जा, मावशीकडे राहील दोन दिवस," ती म्हणाली. काम संपले नसल्याचेच हे लक्षण होते.

गाडीत खिडकी मिळाली. बाहेर भातकापणी चालली होती. काही खाचरे पिवळी, काही मोकळी झालेली. कासू गेल्यावर भाच्याने आपणहून तोंड उघडले. "मामा, मिलिंकोविचसुद्धा एकदा राखीव होता. २०१९ च्या मे महिन्यात, इटलीच्या चषकाच्या अंतिम सामन्यात. रोममध्ये. एकोणऐंशीव्या मिनिटाला त्याला आत घेतला आणि ब्याऐंशीव्या मिनिटाला त्याने डोक्याने गोल मारला. लात्सिओने चषक जिंकला. तीन मिनिटं लागली त्याला! मला तीन मिनिटं तरी द्यायची."

रोमचे नाव निघाले आणि मला एकदम तो दुसरा माणूस आठवला.

आठवला म्हणतो, पण त्यात माझी फुशारकी नाही. मुंबईत माझा जन्म गेला, कूपरेजच्या कुंपणाबाहेरून हजारदा गेलो असेन, पण हे नाव मी पहिल्यांदा वाचले ते मे २०२१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या बातमीत. करोनाचे दिवस. वर्तमानपत्राची पहिली पाने भलत्याच आकड्यांनी भरलेली. आतल्या पानावर चार ओळी: फोर्तुनातो फ्रांको, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातले हाफ-बॅक, १० मे रोजी गोव्यात निधन. आमच्या वेळी मधल्या फळीला हाफ-बॅक म्हणत.

फ्रांको मूळचा बार्देशातल्या कोलवाळचा, पण वाढला आणि खेळला मुंबईत. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी भारताच्या संघात त्याची निवड झाली. गंमत पाहा, त्या वर्षी त्याचे जन्मगाव पोर्तुगालच्या ताब्यात होते. गोवा मुक्त झाला तो पुढच्या वर्षीच्या १९ डिसेंबरला. गावावर एका देशाचे निशाण आणि अंगात दुसऱ्या देशाचा सदरा, असा हा पोरगा रोमला गेला. भारताचे तीन सामने झाले. हंगेरीशी १-२, फ्रान्सशी १-१, पेरूशी १-३. फ्रांकोला तिन्हींत बाहेर ठेवले होते.

"तीन सामने?" भाच्याने विचारले.

"तीन."

"शेवटीसुद्धा आत घेतलं नाही?"

"घेता येतच नव्हतं. त्या वेळी ऑलिंपिकला बदली खेळाडूची पद्धतच नव्हती. सामन्याला उतरले ते अकरा. एखाद्याचा पाय मोडला तर दहांनी खेळायचं. बाहेर बसला तो बसला. तुझ्या मिलिंकोविचला एकोणऐंशीव्या मिनिटाला बोलावणं आलं. फ्रांकोला येण्याची सोयच नव्हती."

नागोठण्याला गाडी थोडी जास्त थांबली. कलिंगडाच्या फोडी नव्हत्या, म्हणून आम्ही फराळाचा डबा उघडला. मी पुढची गोष्ट सांगू लागलो. दोन वर्षांनी जाकार्ता. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. भाच्याने 'मैदान' चित्रपट पाहिला होता, त्यामुळे रहीमसाहेब, पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी ही मंडळी त्याच्या ओळखीची होती. फ्रांकोचे नाव मात्र त्याला आठवेना. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी, ०-२ असा हरलो. मग थायलंडला ४-१, जपानला २-०, उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२. थायलंडच्या सामन्यात जर्नैलसिंगचे डोके फुटले, टाके घातले. अंतिम सामना पुन्हा त्याच कोरियाशी, ४ सप्टेंबर १९६२ ला.

त्या दिवशी मैदानात लाखभर माणूस होते आणि ते जवळजवळ सगळे आपल्या विरुद्ध. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेला येऊ दिले नव्हते. त्यावर आपले गु. द. सोंधी यांनी आक्षेप घेतला होता आणि त्याचा राग खेळाडूंवर निघत होता. आपले राष्ट्रगीत चालू असतानाही लोक ओरडत होते. टाळ्या वाजवणारी मूठभर माणसे, त्यांत पाकिस्तानचे हॉकीपटू. डोक्याला टाके असलेल्या जर्नैलला रहीमसाहेबांनी पाठीमागून उचलून थेट पुढे आघाडीला घातले. त्रिलोकसिंगचा अंगठा दुखावलेला. सतराव्या मिनिटाला पी. के. चा गोल, विसाव्याला जर्नैलचा. मग पंच्याऐंशीव्या मिनिटापर्यंत कोरिया धडका देत राहिला, तेव्हा कुठे त्यांचा एक गोल झाला. २-१. आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळाले ते त्यानंतर पुन्हा मिळालेले नाही.

"आणि फ्रांको?"

"पूर्ण सामना खेळला. मधल्या फळीत तो आणि बंगालचा प्रशांत सिन्हा."

"गोल?"

"एकही नाही."

"मग काय करत होते ते?"

इथे माझी पंचाईत झाली. मी फुटबॉल पाहिला आहे, खेळलो कधीच नाही. "रहीमसाहेब चार-दोन-चार अशी मांडणी करीत म्हणे," एवढे बोलून मी डब्यात हात घातला. भाच्याने तो डबाच माझ्याकडून घेतला. झाकण मांडीवर उलटे ठेवले आणि त्यावर शंकरपाळे मांडू लागला. चार मागे, चार पुढे, मध्ये दोनच. चिवड्यातले शेंगदाणे कोरियाचे.

"मामा, हे बघा. वीस मिनिटांत दोन गोल झाले म्हणजे नंतर कोरिया सगळा आपल्याकडे येणार." त्याने शेंगदाणे सरकवले. "पुढचे चार तिकडेच राहिले. मधे एवढी जागा, आणि माणसं दोन. चेंडू इकडे गेला की याने पळायचं, तिकडे गेला की त्याने. मागच्यांना सुटका म्हणून परत यायचं, आणि चेंडू मिळाला की पुढच्यांना नेऊन द्यायचा. पासष्ट-सत्तर मिनिटं. एकट्यादुकट्याचं काम नाही हे." तो त्या दोन शंकरपाळ्यांकडे बघत राहिला. शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थही वाकून पाहत होते.

फ्रांको पुढे महाराष्ट्राकडून संतोष चषकाच्या विजेत्या संघात खेळला. १९६३-६४ च्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने आंध्रला हरवले. गोव्याच्या साळगावकर संघाकडूनही तो खेळला. रहीमसाहेब मात्र जाकार्ताला गेले तेव्हाच कर्करोगाने पोखरलेले होते; जून १९६३ मध्ये ते गेले. हे मी सांगितले, पण भाच्याचे लक्ष झाकणावरच होते. रोहा आले तेव्हा त्याने कोरियाचा संघ एकदम तोंडात टाकला.

रोहा हे मध्य रेल्वेचे शेवटचे टोक. इथून पुढे कोकण रेल्वे. तेच रूळ थिवीला जातात आणि थिवीहून कोलवाळ अगदी जवळ. मी हे भाच्याला दाखवले. त्याने पुढच्या सिग्नलकडे एकदा पाहिले आणि पिशवी उचलली.

धाकटीचे यजमान कबड्डीवाले. रायगड जिल्ह्यात दुसरा खेळ असतो हे त्यांना तत्त्वतः मान्य आहे, एवढेच. चहा घेता घेता सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "आमच्यात बरं असतं. गडी बाद झाला की बाहेर बसतो, पण सोबत्याने समोरचा मारला की हा पुन्हा उठतो. तुमच्या त्या फ्रांकोला उठवायला कुणी नव्हतं, दोन वर्षं."

"दोन वर्षं," भाचा म्हणाला.

पाचच्या सुमारास आळीतली पोरे कुंडलिकेच्या बाजूला एका कापलेल्या खाचरात चेंडू घेऊन निघाली. मावसभावांनी याला ओढले. बूट पेणला, माळ्यावर. हा अनवाणीच गेला. मी बांधावर बसलो. कापलेल्या भाताचे बुडखे किती टोचतात हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचे नाही. पोरे नाचत, कळवळत खेळत होती. तो निळा सदरा मधेच होता. कधी माझ्याजवळच्या बांधाशी, कधी पार पलीकडे. चेंडू त्याच्यापाशी फार वेळ नसे. आला की गेलेला असे. दोन गोल त्याच्या मावसभावाने केले आणि दोन्ही वेळा पोरे मावसभावाच्या अंगावर पडली. अंधार झाला तेव्हा सामना कितीवर संपला याबद्दल दोन मते होती.

घरी धाकटीने विचारले, "कोणी मारले रे गोल?" भाच्याने मावसभावाकडे बोट दाखवले आणि पाय धुवायला मोरीत गेला. तळवे बघवत नव्हते. धाकटीने हळद आणि तेल आणले.

रात्री अक्काचा फोन आला. पहिला प्रश्न, जेवला का?

"बासुंदीच्या तीन वाट्या," मी म्हणालो. "आणि बूट माळ्यावरून काढून उन्हात ठेव म्हणतोय. ओलसर राहिले असतील."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता.

"बरं," अक्का म्हणाली. "दहावीचं त्याच्याशी तू बोल. पुढच्या भाऊबीजेला."