गाडी मालकाची, पडदा कंपनीचा

मोटारीच्या डॅशबोर्डवरील नकाशाचा पडदा विकत घेतला म्हणजे त्यातील सर्व सोयी आपल्या झाल्या, असा ग्राहकाचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. अनेक सोयी यंत्रात असूनही फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेली आज्ञावली, त्यांना कुलूप लावून ठेवते. माझ्दा या जपानी कंपनीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या मोटारींत २०१३ पासून ‘माझ्दा कनेक्ट’ ही प्रणाली येऊ लागली. वेग ताशी सुमारे आठ किलोमीटरच्या पुढे गेला की तिचा स्पर्शपडदा बंद पडे, आणि अनेक गाड्यांत मार्गदर्शनासाठी नकाशाचे कार्ड वेगळे विकत घ्यावे लागे. उत्साही मालकांनी पेन ड्राइव्हवरून आज्ञावलीत बदल करून हे कुलूप उघडले. काहींनी तर अँड्रॉइड ऑटोही चालवून दाखवले. कंपनीने पुढच्या आवृत्तीत ही वाट बुजवली आणि २०१८ मध्ये अमेरिकेत तीच सोय १९९ डॉलरच्या अधिकृत संचाच्या रूपाने, मजुरी वेगळी लावून, देऊ केली!

अशा उठाठेवीचा इतिहास तसा जुना आहे. काचेला चिकटवण्याची सुटी यंत्रे लोकप्रिय होती, तेव्हा माइओसारख्या कंपन्यांच्या यंत्रांत विंडोज सीई ही प्रणाली असे. मेमरी कार्डावर दुसरी आज्ञावली टाकून लोक त्यावर गाणी ऐकत, पुस्तके वाचत. प्रयोग फसला तर कार्ड काढून घेतले की बहुधा यंत्र पूर्ववत होई. फार तर ते निकामी होई. गाडीच्या ब्रेकशी त्याचा काही संबंध नव्हता.

आजच्या अंगभूत पडद्याबाबत ही खात्री देता येत नाही. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीचा ताबा दूरवरून, मोबाइल जाळ्यामार्गे घेऊन दाखवला. त्यांचा प्रवेश झाला तो करमणूक व मार्गदर्शनाच्या ‘यूकनेक्ट’ यंत्रणेतून. तिच्यातील एका चिपचे फर्मवेअर त्यांनी बदलले आणि ती चिप गाडीच्या अंतर्गत संदेशवाहिनीवर, म्हणजे ‘कॅन’वर, आज्ञा पाठवू लागली. नवे फर्मवेअर कोणाकडून आले याची शहानिशाच ती चिप करत नव्हती. फिआट क्रायस्लरला १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली.

तेव्हा फर्मवेअर बदलू पाहणाऱ्याने प्रथम आपला पडदा गाडीच्या कोणत्या वाहिन्यांशी जोडलेला आहे, हे पाहावे. मूळ आज्ञावलीची प्रत आधी काढून ठेवावी आणि नवी आवृत्ती नेमकी त्याच मॉडेलची व त्याच देशाची असल्याची खातरजमा करावी. लेखन चालू असताना वीज खंडित झाल्यास यंत्र पुन्हा सुरूच न होण्याचा धोका असतो. म्हणून बॅटरीला चार्जर जोडलेला बरा. अनोळखी माणसाने तयार केलेली फाइल गाडीत घालणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती किल्ली देणे होय. आणि धावत्या गाडीत स्पर्श बंद ठेवणारे कुलूप? ते त्रासदायक असले, तरी काढू नये. त्याची किंमत रस्त्यावरून चालणाऱ्या तिसऱ्याच माणसाला मोजावी लागू शकते. बाकीच्या कुलपांना मात्र असा काही आधार दिसत नाही. ती बहुतांशी विक्रीसाठी आहेत.

कायद्याची चाल याहून गमतीदार आहे. अमेरिकेत डिजिटल कुलूप तोडण्यास १९९८ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये वाहनमालकांना दुरुस्ती व वैध फेरबदलांसाठी सवलत मिळाली, पण करमणूक आणि दूरसंपर्क यंत्रणा तीतून वगळल्या गेल्या. म्हणजे इंजिनाच्या मेंदूत हात घालता येईल, गाण्यांच्या पडद्यात नाही! हा अपवाद २०१८ मध्ये हटला. गाणी-चित्रपट फुकट मिळवण्यासाठी मात्र ती वाट खुली नाही. शिवाय ही सवलत दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते, आणि कुलूप उघडण्याची साधने विकण्यास ती परवानगी देत नाही. भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५ अ हेतूकडे पाहते: हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. चोरीचे नकाशे भरणारा त्यात सापडेल. स्वतःच्या यंत्रातील झाकलेली सोय उघडणाऱ्याचे काय, याचे थेट उत्तर त्या कलमात नाही.

जीप प्रकरणानंतर, २०१८ च्या मॉडेल्सपासून, फिआट क्रायस्लरने आपल्या वाहनांत पडदा आणि अंतर्गत वाहिनी यांच्यामध्ये एक सुरक्षाद्वार बसवण्यास सुरुवात केली. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण स्वतंत्र गॅरेजवाल्याला साधा बिघाडाचा संकेत पुसायचा असला, तरी आता त्या द्वारातून जाण्यासाठी आधी नोंदणी करून परवानगी मिळवावी लागते.